गेल्या हंगामाचा भाव

सांगलीच्या मार्केट यार्डात पन्नास वर्षे हळदीचे सौदे केलेल्या अण्णांना मालाची पारख कुणी शिकवावी लागली नाही. ढिगातले एक हळकुंड उचलायचे, मोडायचे, मोडलेल्या तोंडाचा रंग उजेडाकडे धरून पाहायचा आणि क्विंटलचा भाव बोलायचा. त्यात फार मोठी चूक झाल्याचे यार्डातल्या कुणाच्या स्मरणात नाही. त्याच अण्णांनी गेल्या डिसेंबरात पुण्याला थोरल्या लेकीला फोन करून विचारले, ‘‘एक जुनी गाडी घ्यायची आहे. भाव वाजवी आहे का, तेवढं बघून सांग. बाकी माझं ठरलंय.’’

गाडी यार्डातल्याच एका आडत्याची. चार मीटरच्या आतली छोटी एसयूव्ही, दीड लिटरचे डिझेल इंजिन, नोंदणी जून २०२१ ची, धाव अठ्ठावन्न हजार किलोमीटर. मागणी ८,२५,००० रुपये. आडत्या अण्णांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान. त्याचे वडील आणि अण्णा यांचा व्यवहार कधी चिठ्ठीवर झाला नाही, तोंडी शब्दावरच झाला.

गाडी हवी होती ती आईसाठी. दोन वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली. घरातली जुनी सेडान बसायला इतकी खोल की आत शिरताना तिला अंग टाकून द्यावे लागे आणि उतरताना कुणाचा तरी हात धरावा लागे. शस्त्रक्रियेनंतर तिने देवळाखेरीज कुठे जाणेच सोडले होते. महिन्यातून एकदा कुंभोजच्या बाहुबलीला जायचे, वर्षातून एकदा कुंथलगिरी करायची, हा पूर्वीचा क्रम मोडला होता. हे ती बोलून दाखवत नसे. अण्णांना मात्र ते लागले होते.

लेक पुण्यात एका कारखान्याच्या हिशेब विभागात नोकरीला. शनिवारी दुपारी ती सांगलीला उतरली ती शिंप्याची मोजपट्टी, छोटी विजेरी आणि वही घेऊनच. धाकटा भाऊ हसला. दुकान तोच पाहतो. अण्णांना घ्यायची आहे तर घेऊ द्यावी, इतकेच त्याचे म्हणणे होते.

गाडी पाहताना लेकीने प्रथम बॉनेटवर तळहात ठेवला. इंजिन थंड होते. गिऱ्हाईक यायच्या आधीच इंजिन तापवून ठेवले, की थंड असतानाचा दोष कळत नाही. येथे तसे काही नव्हते. ओळखीचा मेकॅनिक सोबत होता. त्याने गाडी सुरू करून बराच वेळ कान देऊन ऐकले आणि मान हलवली. सर्व्हिसच्या पावत्यांवरचे किलोमीटर दरवर्षी क्रमाने वाढत गेलेले होते. मागच्या डाव्या दाराचे रबर उचलून पाहिले तर आत नव्या रंगाचे ठिपके दिसले. तिने काही विचारण्याआधीच आडत्या म्हणाला, ‘‘पोरानं फाटकाच्या खांबाला घासली होती, अक्का. तेवढं एकच दार रंगवलंय.’’ ते खरे निघाले. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारही टायरांवर १८२१ होते, म्हणजे २०२१ च्या अठराव्या आठवड्यात तयार झालेले. गाडीबरोबर आलेले तेच टायर अजून पळत होते. नक्षी झिजली होती आणि रबराला बारीक भेगा पडल्या होत्या. चार टायरांना बत्तीस हजार, असा मेकॅनिकचा अंदाज.

नोंदणी पुस्तिकेवर वित्तसंस्थेचा बोजा अद्याप दिसत होता. कर्ज २०२४ मध्येच फिटले, असे आडत्याने सांगितले, आणि ते खोटे नव्हते. परंतु कर्ज फिटणे वेगळे आणि पुस्तिकेवरचा बोजा उतरणे वेगळे. कर्ज देणाऱ्याचे ना हरकत प्रमाणपत्र आणि फॉर्म ३५ परिवहन कार्यालयात दाखल झाल्याशिवाय तो उतरत नाही. फॉर्म २९ आणि ३० यांवरच्या सह्या त्यानंतरच्या. पैसे देण्यापूर्वी हे करून घ्यायचे, हे लेकीने वहीत पहिल्या ओळीत लिहिले. गाडी आडत्याच्या स्वतःच्या नावावर होती, हे एका परीने बरे झाले. जीएसटी नोंदणी असलेल्या पेढीच्या नावावर असती आणि तिच्यावर घसारा घेतलेला असता, तर घसाऱ्यानंतरचे मूल्य आणि विक्रीची किंमत यांतल्या फरकावर अठरा टक्के कराचा प्रश्न उभा राहिला असता.

संध्याकाळचे जेवण दिवस मावळायच्या आत आटोपले आणि मग हिशेब सुरू झाला.

आडत्याचे म्हणणे साधे होते. साडेबारा लाखांना रस्त्यावर आणलेली गाडी साडेचार वर्षांनी सव्वाआठला, म्हणजे दोन-तृतीयांश किमतीला. लेकीने ते साडेबारा लाख फोडून मांडले. त्यांतले १०,६०,००० शोरूमची किंमत. उरलेला बहुतेक रस्ता कर आणि पहिल्या वर्षाचा विमा. विमा त्याच वर्षी संपला, त्याचे आज काही मोल नाही. रस्ता कर मात्र पंधरा वर्षांचा एकरकमी भरलेला असतो आणि तो गाडीबरोबर जातो, म्हणून त्यातली उरलेली साडेदहा वर्षे विकणाऱ्याने किमतीत धरली तर त्यात वावगे नाही. चालू विमापत्रात गाडीची जाहीर किंमत ६,२०,००० होती. उद्या गाडी चोरीला गेली तर मालकाला जास्तीत जास्त तेवढेच मिळाले असते. चार ते पाच वर्षांच्या गाडीला निम्मा घसारा धरण्याचा विम्याचा ठोकताळा आहे. बाजार त्याहून बहुधा वर राहतो. म्हणजे सहा-वीस हा तळ झाला. खरा भाव त्याच्या वर किती, हे अजून सुटायचे होते.

लेकीने सहज विचारले, ‘‘सव्वाआठ हा आकडा त्यांना कुणी सांगितला?’’

‘‘कोल्हापूरच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यानं. फोनवर.’’

‘‘कधी?’’

अण्णांनी आठवून सांगितले, ‘‘श्रावणात असेल. ऑगस्टमध्ये.’’

गाठ सुटली ती येथे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींवरचा जीएसटी बदलला. चार मीटरच्या आतल्या आणि दीड लिटरपर्यंतच्या डिझेल गाडीवर पूर्वी २८ टक्के कर आणि ३ टक्के उपकर, मिळून ३१ टक्के लागत. आता १८ लागतात. पुष्कळ लोक येथे तेरा टक्क्यांची घट धरतात, पण ते बरोबर नाही. शंभराची वस्तू १३१ ला मिळत होती ती ११८ ला मिळू लागली. १३१ वर १३, म्हणजे दहा टक्क्यांना किंचित कमी. याच प्रकारची नवी गाडी ऑगस्टमध्ये शोरूमला १२,४०,००० होती, ती ११,१७,००० च्या आसपास आली. नवी सव्वा लाखाने उतरल्यावर जुनी जागच्या जागी कशी राहील? त्याच प्रमाणात सव्वाआठ लाखांचे ७,४३,००० होतात. टायर वजा जाता लेकीने खाली लिहिले: ७,१०,०००.

अण्णांनी वही हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवून आकडे जवळून पाहिले आणि एकदम म्हणाले, ‘‘म्हणजे हा गेल्या हंगामाचा भाव!’’

त्यांना आणखी समजावून सांगण्याची गरज उरली नाही. नवा माल बाजारात उतरला की गोदामातल्या जुन्या पोत्यांचा भाव कसा बदलतो, हे त्यांनी जन्मभर पाहिले होते. आडत्याने फसवले नव्हते. त्याचा आकडा खरा होता, फक्त शिळा झाला होता.

पुढे अण्णा जे बोलले त्याची लेकीला कल्पना नव्हती. ‘‘मी त्याला हो म्हणून बसलोय. दोघांच्या देखत. आता कागद काढून एक लाख पंधरा हजार कमी कर, असं कोणत्या तोंडानं सांगू?’’

‘‘अण्णा, तुम्ही हो म्हणालात तेव्हा तुम्हाला भाव माहीत नव्हता.’’

‘‘ते माझं अज्ञान. त्याची किंमत मी द्यायची, त्यानं का द्यावी?’’

यावर लेकीपाशी उत्तर नव्हते. शब्दाला किंमत आहे ती शब्द महाग पडतो तेव्हाच, हे तिने याच घरात पाहिले होते. एका मंदीच्या वर्षी अण्णांनी बोललेल्या भावाने माल उचलला आणि त्या दिवाळीत घरात कुणाला नवे कपडे झाले नाहीत. परंतु तिच्या मनाला दुसरेही काही टोचत होते, आणि ते वहीत नव्हते.

मेकॅनिकने निघताना एक गोष्ट सांगितली होती. नव्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी धरणारी गाळणी असते, तिला डीपीएफ म्हणतात. गाडी गावातल्या गावात तीन-चार किलोमीटरच फिरली तर ती तुंबते. हमरस्त्यावर काही वेळ सलग वेगाने चालली की साठलेली काजळी आपोआप जळते. ‘‘आठवड्यातून एकदा तरी वीस-पंचवीस मिनिटं हायवेला पळवायची, अण्णा. नाहीतर खर्चात पडाल,’’ असे तो म्हणाला होता. अण्णांचे रोजचे फिरणे घर, यार्ड आणि देऊळ एवढेच. तेव्हा ही गाडी घ्यायची म्हणजे दर आठवड्याला हमरस्त्याला लागायचे. आणि गाडी चालवणार कोण, तर वय शहात्तर असलेले अण्णा. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दिवसा त्यांना स्वच्छ दिसते. रात्री समोरच्या दिव्यांचा झोत डोळ्यांवर आला की ते क्षणभर थांबतात. दिवाळीत जयसिंगपूरहून परतताना पुढचा ट्रॅक्टर त्यांना उशिरा दिसला होता. लेक शेजारी बसली होती. तेव्हा ती काही बोलली नाही, नंतरही नाही. भावाचा हिशेब इतक्या हौसेने मांडत बसण्याचे एक कारण हेही असावे की तो प्रश्न विचारण्यापेक्षा टायरांवरचे आकडे वाचणे सोपे होते. आणि अण्णांनीही फोनवर फक्त भाव विचारला होता.

रविवारी सकाळी आडत्याने गाडी दारात आणून ठेवली. आईला अद्याप कुणीच काही विचारले नव्हते. लेकीने मोजपट्टी लावून पुढच्या बैठकीची जमिनीपासूनची उंची घेतली. ती आईच्या कमरेशी जवळजवळ बरोबर आली. फार उंच असती तर एका पायावर भार देऊन चढावे लागले असते, आणि ते सेडानमध्ये उतरण्याहून वाईट. आईने दाराशी पाठ केली, बसली, मग एकेक पाय आत घेतला. कुणाचा हात धरला नाही. उतरतानाही नाही. पुन्हा एकदा बसून पाहिले. मग आतूनच म्हणाली, ‘‘अहो, गाडी चांगली आहे. भाव तुमचं तुम्ही बघा. पण अंधार पडल्यावर आणि गावाबाहेर तुम्ही चालवायची नाही. तसं असेल तर मी बसते, नाहीतर देवळापर्यंत रिक्षा आहेच.’’

अंगणात थोडा वेळ शांतता झाली. आडत्या उगीच काच पुसू लागला. अण्णा घरात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. लेकीला वाटले, आता व्यवहारच मोडला.

ते बाहेर आले तेव्हा हातात तिची वही होती. ती त्यांनी आडत्यापुढे धरली. ‘‘हे पोरीनं काढलंय. वाच. माझा शब्द सव्वाआठचा आहे आणि तो तसाच आहे. तू म्हणशील तर उद्या तेवढे पाठवतो. पण वाचल्याशिवाय पैसे घेऊ नकोस.’’

आडत्याने उभ्याउभ्याच वाचले, कराच्या ओळीवर थांबला, पुन्हा वाचले. ‘‘दोन दिवस द्या, अण्णा,’’ एवढेच बोलून तो गेला.

मंगळवारी त्याचा फोन आला. कोल्हापूरच्या त्याच व्यापाऱ्याला त्याने नव्याने विचारले होते. साडेसात लाख द्यावेत, बोजा उतरवून कागद मी स्वतः आणून देतो, असे तो म्हणाला. लेकीच्या मते हे अजून चाळीस हजारांनी जास्त होते. तिने पुण्याहून तसे सांगितलेही. अण्णांनी ते ऐकून घेतले आणि साडेसातला हो म्हटले. आपल्या जुन्या गाडीच्या विम्यावर साठलेली पन्नास टक्क्यांची नो क्लेम सवलत गाडीची नसून मालकाची असते, ती नव्या विम्याला लावून घ्यायची, हे मात्र त्यांनी तिच्याकडून दोनदा विचारून घेतले.

वही सांगलीलाच राहिली. पुढच्या खेपेस लेकीने ती उघडली तेव्हा ७,१०,००० च्या खाली अण्णांच्या अक्षरात आणखी दोन ओळी होत्या. पहिली, ‘चालक, रात्री व परगावी, दरमहा’. तिच्यापुढे रकमेची जागा मोकळी होती. दुसरी, ‘परवाना, मुदत मार्च, आधी डोळे तपासणे’. त्या ओळीपुढे डॉक्टरांच्या वेळेची तारीख घातलेली होती.