खाला पाण्यात उतरली

आमच्या घरातल्या पुरुषांचं पोट समुद्रावर चाललं, आणि बायका मात्र समुद्राला घाबरत आल्या. नाना बोटीवर खलाशी होते. ते परतेपर्यंत नानीच्या हातातली तसबीह थांबत नसे. त्यातच १७ जुलै १९४७ ची आठवण. रमजान तोंडावर आला होता. रामदास बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली, वाटेत बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. ती गोष्ट ऐकतच अम्मी आणि खाला मोठ्या झाल्या. गिरगाव चौपाटीवर शेकडो वेळा गेल्या असतील. पण घोट्याच्या वर पाणी कधी येऊ दिलं नाही.

गेल्या डिसेंबरात लालबागच्या आमच्या चार घरांनी मिळून मालवणला स्कुबा डायव्हिंगसाठी जायचं ठरवलं. बावन्न वर्षांची खाला म्हणाली, "मी येते, पण तुमच्या चपला सांभाळायला."

मध्यरात्री दादरहून तुतारी एक्स्प्रेस पकडली. सकाळी कुडाळला उतरून मालवण गाठलं. जेवणाची काळजी नव्हती. बांगडा, सुरमई, घावन, सोलकढी. मासळीला जबिहाचा प्रश्नच येत नाही. आम्ही शाफई, कोळंबी आवडीने खातो. सोबतच्या हनफी शेजाऱ्यांनी ती बाजूला ठेवली आणि त्यांच्या वाटची आमच्या ताटात आली! मुसाफिर म्हणून नमाज कसर पढली.

पडद्याचा प्रश्न मात्र आधीच सोडवावा लागला. बायकांना कपडे बदलायला वेगळी खोली आहे का, पाण्यात सोबत कोण असेल, हे मी बुकिंग करतानाच फोनवर विचारलं होतं. डायव्हिंगचा सूट मनगटापासून घोट्यापर्यंत अंग झाकतो, पण चिकटून बसतो. म्हणून वरून बुर्किनीचा कुर्ता आणि डोक्याला टोपी घातली. प्रत्येकीबरोबर घरचं माणूस उतरेल, शिकवणारा पाठीची टाकी धरेल, असं ठरवून घेतलं.

पोहता येत नसलं तरी हौसेखातर एकदा खाली जाता येतं. मात्र दमा, हृदयविकार, कानाचं दुखणं असेल किंवा बाई गरोदर असेल तर उतरू नये. रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर आधी डॉक्टरांना विचारावं. श्वास तोंडाने घ्यायचा आणि तो कधीच रोखून धरायचा नाही. कानात दडा बसला की नाक दाबून हलकेच फुंकायचं. अंगठा वर केला तर "छान" नव्हे, "मला वर न्या" असा अर्थ होतो. छान म्हणायचं तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा.

बोट कुरटे बेटाजवळच्या खडकांपाशी थांबली. याच बेटावर १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्ग बांधायला घेतला. त्यांच्या आरमारातला एक मोठा अधिकारी दौलतखान होता, हे मुलांना तिथेच सांगितलं. सातवीतल्या भाचीने विचारलं, "नाना याच पाण्यावरून जायचे ना?"

"वरून जायचे," खाला म्हणाली. "खाली काय आहे, ते त्यांनीही पाहिलं नसेल."

थोडा वेळ ती गप्प बसली. मग खालूंना म्हणाली, "मला पण तो सूट द्या."

पहिल्या वेळी डोकं पाण्यात जाताच ती घाबरून वर आली. खालूंनी हात धरला. "बिस्मिल्लाह म्हण आणि श्वास मोज." दुसऱ्या वेळी ती गेली. वीसेक फुटांवर कानांत फक्त स्वतःच्या श्वासाचा आवाज. खडकाला धरून वाढलेलं प्रवाळ, आणि काळ्या पट्ट्यांचे पिवळसर मासे तोंडासमोरून जात होते. काचेआड खालाचे डोळे मोठे झाले होते. तिने अंगठा आणि बोट जुळवून गोल केला.

सोबतच्या शिकवणाऱ्याने मासे गोळा व्हावेत म्हणून तिच्या हातात पावाचा तुकडा दिला. तिने मान हलवून परत केला. वर आल्यावर म्हणाली, "त्यांचं रिज्क अल्लाहने तिथेच ठेवलंय. आपण कशाला बिघडवायचं?" खरंच आहे. पावाने माशांच्या सवयी बिघडतात. प्रवाळ तर जिवंत असतं. त्यावर पाय ठेवला तर वर्षानुवर्षांची वाढ क्षणात तुटते. मालवणचा हा समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे. ही अमानत आहे, तिला धक्का लावू नये.

संध्याकाळी किनाऱ्यावर खालाने समुद्राच्याच पाण्याने वुजू केला. लाटा गुडघ्यापर्यंत येत होत्या, तरी ती मागे सरली नाही.

मुंबईला परतल्यावर आम्ही भाचीचं नाव दादरच्या तलावावर बायकांच्या वेळेत पोहायला घातलं. फॉर्म भरायला खाला गेली होती. तिने दोन फॉर्म आणले.