बाबांचा संघ

माझे माहेर पुण्याचे, सासर बंगळूरचे. एरवी त्यावरून घरात कधी वाद झाला नाही. झाला तो ११ मार्च २०१८ च्या रविवारी, आणि तोही फुटबॉलवरून!

बाबांनी सत्तरीपर्यंत क्रिकेटखेरीज काही पाहिले नव्हते. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली, पुण्याला 'एफसी पुणे सिटी' हा संघ मिळाला आणि शेजाऱ्यांनी त्यांना बालेवाडीला ओढून नेले. फ्रान्सचा त्रेझेगे पुण्याच्या संघातून खेळतोय, याचेच त्यांना केवढे अप्रूप! आई गेल्यापासून बाबा कुठे जायला तयार नसत. त्यांनी नारिंगी टी-शर्ट विकत घेतल्याचे कळले तेव्हा मला हसू आले आणि बरेही वाटले.

खरे तर पुण्याला फुटबॉल क्लब लाभतच नाहीत. २००७ साली निघालेला पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये चक्क दुसरा आला होता, पण २०१५ मध्ये स्पर्धेतून बाहेर पडला. भारत एफसी तर एकाच हंगामात आटोपला. बाबांच्या संघाला पहिली तीन वर्षे उपांत्य फेरीही दिसली नाही. चौथ्या वर्षी ती गाठली, तर समोर कोण? बंगळूर!

पुण्यातला सामना गोलशून्य सुटला. दुसऱ्यासाठी बाबा आमच्याकडे आले. कंठीरव स्टेडियममध्ये सगळीकडे निळेच निळे, त्यात माझा मुलगाही निळा, आणि मध्ये आमचे हे एकटे नारिंगी! पंधराव्या मिनिटाला सुनील छेत्रीने हेडरवर गोल केला. मग पेनल्टीवर दुसरा. ८२व्या मिनिटाला जोनातन लुक्काची फ्री किक जाळ्यात गेली, तसे बाबा गुडघेदुखी विसरून उभेच राहिले. आजूबाजूचे बघत राहिले. माझ्या मुलाने मान खाली घातली. आजोबांची लाज वाटली असावी. सात मिनिटांनी छेत्रीने हॅट्‌ट्रिक पूर्ण केली. ३-१.

घरी येईपर्यंत कुणी बोलले नाही. जेवताना बाबाच म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू."

पुढचे वर्ष मिळाले, त्याच्या पुढचे नाही. आर्थिक अडचणींत सापडलेला क्लब २०१९ मध्ये बंद झाला. त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाने घेतली. बाबांचा फोन आला. "अगं, हरणं समजू शकतो. पण संघच नाही म्हणजे काय? आता मी शनिवार-रविवार करू काय?" मला उत्तर सुचेना. मुलाने रिसीव्हर घेतला. "आबा, तुम्ही आमच्या बाजूला या ना!"

"जावयाकडे चार दिवस राहीन रे, पण पार्टी बदलणार नाही."

त्याच वर्षी पुण्याचा आशिक कुरुनियन बंगळूरच्या संघात आला. दिवाळीला आलेल्या बाबांनी टीव्हीवर त्याला निळ्या कपड्यांत पाहिले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "हाही तुझ्यासारखाच. इकडे नांदायला आला."

त्या संध्याकाळी आशिककडे चेंडू आला की बाबा खुर्चीत पुढे सरकत. मुलाने ते पाहिले, पण चिडवले नाही. उलट टीव्हीचा आवाज थोडा वाढवला.