ताईची संक्रांत

जबलपूरला पोस्टिंग झाल्यापासून आमची संक्रांत म्हणजे ग्वारीघाट. पहाटेपासून नर्मदेवर स्नानाला माणसांची रीघ, काठावर तिळाच्या लाडवांचे ढीग. २०२३ मध्ये मात्र रजा टाकून मी मुंबई गाठली. त्या वर्षी संक्रांत १५ जानेवारीला आली, रविवारी. त्याच दिवशी टाटा मुंबई मॅरेथॉन आणि त्याच दिवशी आपला सेना दिन. १९४९ साली याच तारखेला जनरल करिअप्पांनी सैन्याची सूत्रं हाती घेतली. सेना दिनाला साध्या कपड्यांत फूटपाथवर उभं राहायचं हे जरा चुकल्यासारखं वाटत होतं, पण ताई पळणार होती. वय ४७, पहिलीच पूर्ण मॅरेथॉन, ४२.१९५ किलोमीटर. आईचा साताऱ्याहून एकच प्रश्न, "संक्रांतीला काळं नेसतात, टी-शर्ट तरी काळा आहे ना तिचा?"

मला पळायला ताईनेच शिकवलं. एनडीएच्या तयारीचं वर्ष, यवतेश्वरचा घाट, पहाटेचे पाच. ती सलवार-कमीज आणि कॅनव्हासच्या बुटांत, आणि तरी प्रत्येक वळणावर माझ्यापुढे. "चढाला वर बघू नकोस, पुढची दहा पावलं बघ," हे तिचंच. अर्ज मात्र मी एकट्याने भरला. तेव्हा एनडीएत मुलींना प्रवेशच नव्हता. मी खडकवासल्याला गेलो आणि तिचं पळणं थांबलं. का, ते मी कधी विचारलं नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलींना एनडीएची परीक्षा देऊ द्या असा आदेश दिला. ती बातमी ताईने मला पाठवली, सोबत एक शब्दही न लिहिता. दुसऱ्या दिवसापासून ती पळायला जाते हे भावोजींकडून कळलं. पुढच्या वर्षी पहिल्या १९ मुली प्रबोधिनीत दाखल झाल्या, तोवर ताई २१ किलोमीटरपर्यंत पोचली होती.

मी पेडर रोडच्या चढावर जागा धरली. पहाटे सव्वापाचला सीएसएमटीहून सुटलेले हौशी धावपटू सी लिंक, माहीम करून परत येतात आणि ३५ किलोमीटर पायाखाली घातल्यावर हा चढ समोर येतो. मार्ग आखणाऱ्याला माझा सलाम नाही. रहिवासी संत्र्याच्या फोडी, पाणी, बिस्किटं घेऊन उभे होते. माझ्याकडे तिळगुळाचा डबा आणि ताईच्या चपला.

नऊच्या सुमाराला आघाडीचे धावपटू गेले. इथिओपियाचा हायले लेमी २ तास ७ मिनिटे ३२ सेकंदांत, स्पर्धेच्या विक्रमासह जिंकला. भारतीयांत पहिला आला आपल्या फौजेतला गोपी. म्हणजे सेना दिनही साजरा झाला.

खरी मॅरेथॉन त्यानंतर येते. लंगडत, पोटऱ्या चोळत, कुणी देवाचं नाव घेत. सव्वादहाला ताई दिसली. चालत होती. काळा टी-शर्ट घामाच्या मिठाने पांढरा. पीटीच्या उस्तादासारखं ओरडायला मी तोंड उघडलं, पण तिने वर पाहिलंच नाही. नजर पुढच्या दहा पावलांवर.

डबा, चपला खाली ठेवून मी तिच्या बरोबरीने निघालो. माझा उजवा गुडघा एका उंचीवरच्या पोस्टिंगमध्ये गेला. तेव्हापासून लो मेडिकल कॅटेगरी, पळणं बंद. तरी चार पावलं पळालो.

"गुडघा," ती म्हणाली, माझ्याकडे न बघता.

मी थांबलो. ती मात्र पळायला लागली आणि केम्प्स कॉर्नरच्या उताराला दिसेनाशी झाली.

डबा उचलून लोकलने गेलो. ती आझाद मैदानात भेटली, गळ्यात पदक, पाय फरफटत. ५ तास ५४ मिनिटं. तिळगूळ हातावर ठेवला आणि विचारलं, "तेव्हा पळणं का सोडलंस गं?"

"बरोबर कोण होतं?" तिने लाडू तोंडात टाकला. मग खाली बसून बुटांच्या नाड्या सोडत म्हणाली, "चपला कुठायत माझ्या?"

त्या पेडर रोडच्या फूटपाथवरच राहिल्या होत्या.