वस्त्रगाळ

रणगाड्यावर मीठ भुरभुरायचं असतं. आधी सगळ्या अंगाला गंजाच्या रंगाचा हात द्यायचा. तो वाळला की जिथे गंज दिसायला हवा तिथे ओलं बोट फिरवायचं आणि वर जाडं मीठ टाकायचं. मीठ चिकटून बसलं की त्यावरून हिरवा रंग फवारायचा, आणि तोही सुकला की जुना टूथब्रश घेऊन मीठ झाडून काढायचं. मीठ सुटतं तिथला हिरवा रंग त्याच्याबरोबर निघतो, खालचा गंज उघडा पडतो. कडा वेड्यावाकड्या, पोपडे उडाल्यासारख्या. ब्रशनं कितीही हात वळवला तरी असं जमत नाही, कारण हाताला नकळत नक्षी काढायची खोड असते. मिठाला ती नसते.

माझ्या टेबलावर आहे तो सेंच्युरियन रणगाडा, १:३५ मापाचा, एका तैवानी कंपनीच्या खोक्यातून निघालेला. चौकटीतून एकेक तुकडा कापायचा, कापल्या जागेचा कोंब पॉलिश पेपरनं घासायचा, सांध्यावर पातळ सिमेंटचा ब्रश टेकवायचा. ते सिमेंट म्हणजे डिंक नव्हे. ते प्लॅस्टिक विरघळवतं आणि दोन तुकडे एकमेकांत मुरतात. इतक्या निगुतीनं नवी कोरी वस्तू उभी करायची आणि मग ती मुद्दाम जुनी करायची, हे घरात कुणाच्या पचनी पडत नाही. आमच्याकडे फ्रिजच्या दारावरचं प्लॅस्टिक वर्षभर निघत नाही. गाडीच्या सीटवरचं गाडी विकताना निघतं.

गंजाची पावडरही बाटलीत मिळते. परदेशी असते, आणि इवल्याशा बाटलीची किंमत बघून ती परत मांडणीवर ठेवावीशी वाटते. पण गंज म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड, आणि गेरूचा लाल रंगही त्याचाच. कुंड्यांना लावतात तो, अंगण सारवल्यावर कडेला ओढतात तो. पूजेच्या सामानाच्या दुकानातून पुडी आणली आणि माझ्या सेंच्युरियनच्या धुराड्याला चोळली. धुराडं तापून तापून तांबडं पडलेलं दिसायला लागलं.

गंमत म्हणजे खऱ्या लष्कराला गेरू लागतो तो नेमका उलट्या कामासाठी. कुठल्याही कॅंटोन्मेंटमध्ये जा: रस्त्याकडेचे दगड, झाडांचे बुंधे, ध्वजस्तंभाचा कट्टा, सगळं गेरू-चुन्यात चापूनचोपून बसवलेलं. साहेबांची तपासणी यायची म्हटली की गेरूचा डबा निघतो. नगरला (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जीभ अजून नगरच म्हणते) रणगाड्यांचं संग्रहालय आहे, १९९४ साली सुरू झालेलं. तिथे रांगेनं उभे असलेले रणगाडे पाहिले तर सगळे रंगवून लखलखीत. ज्यांनी खरोखर चिखल तुडवला त्यांच्या अंगावर चिखलाचा कण नाही, आणि घराची पायरीही न उतरलेल्या माझ्याच्या चाकांत तो थापायचा! मला नगरचे रणगाडे असे आंघोळ घालून बसवलेले आवडत नाहीत. पण ते माझं मत झालं, आणि तपासणी माझी व्हायची नसते.

हे १:३५ माप मोठं विचित्र आहे. ना दहाच्या पाढ्यातलं, ना फूट-इंचाच्या हिशेबातलं. जपानमधल्या शिझुओका गावची तामिया कंपनी. मूळची लाकडाची वखार, मग लाकडी खेळणी, मग प्लॅस्टिक. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी मोटरवर चालणारा पॅंथर रणगाडा काढायचं ठरवलं. पोटात मोटर आणि दोन बॅटऱ्या मावायला हव्यात, म्हणून त्या बेतानं त्याचा आकार ठरला. मागाहून मोजलं तेव्हा तो अस्सलच्या साधारण पस्तिसाव्या हिश्शाचा भरला. पॅंथर खपला, तसं ते मापही रूढ झालं. आज जगभर माणसं खिळ्याच्या डोक्याची उंची बरोबर आहे की नाही यावरून हमरीतुमरीवर येतात, ती दोन बॅटऱ्यांनी ठरवून दिलेल्या मापात.

माप हा प्रकार आम्हाला लहानपणी शिवलाच नव्हता. दिवाळीच्या सुट्टीत वाड्याच्या बोळात किल्ला व्हायचा, त्यात प्रत्येक वस्तू आपापलं माप घेऊन यायची. विटा आणि दगड रचून वर चिखलात बुचकळलेलं गोणपाट पांघरलं की डोंगर. त्यावर अळीव पेरायचे, ते वसुबारसेपर्यंत उगवले तर रान, नाही उगवले तर कोकणकडा. फुटक्या आरशाचा तलाव, भोवती रांगोळीचा काठ. तटाला गेरू. कुंभाराकडून आणलेले मावळे बोटाएवढे, तोफ मावळ्याच्या गुडघ्याएवढी, गुहेतला वाघ घोड्याहून थोराड, आणि सिंहासनावरचे महाराज एवढे मोठे की महादरवाजातून त्यांना आत न्यायचं तर दरवाजा पाडावा लागला असता. ते चुकीचं आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही. महाराज मोठे असणारच. मी आता कधीतरी हिशेब करून पाहतो: रायगड समुद्रसपाटीपासून ८२० मीटर. तो १:३५ मध्ये करायचा तर तेवीस मीटर उंच होईल. वाडा पाडून तिथे झालेल्या सोसायटीच्या गच्चीच्याही वर जाईल.

एका वर्षी थोरल्या चुलतभावानं आपला प्लॅस्टिकचा रणगाडा आणून महादरवाजाशी ठेवला. हिरवा, घासून सोडला की ठिणग्या काढत धावणारा. समोरच्या खोलीतले आजोबा रोज संध्याकाळी किल्ल्याची पाहणी करायला यायचे. ते थबकले.

"काय रे, महाराजांच्या वेळी हे होतं का?"

"पोलीस तरी कुठं होता, आजोबा?" भाऊ म्हणाला.

खरंच, पायथ्याशी पांढऱ्या हातमोज्यांचा ट्रॅफिक पोलीस उभा होता. कुंभाराकडे मावळ्यांच्या टोपलीतच मिळायचा, बरोबर एक गवळण आणि एक छत्रीवाला साहेब. आजोबांनी पोलिसाकडे पाहिलं, रणगाड्याकडे पाहिलं. मग खाली बसले, गुडघ्यावर हात टेकत, आणि रणगाड्याचं तोंड वळवून खिंडीकडे केलं. "शत्रू तिकडून येणार, आणि तुमची तोफ महाराजांवर रोखलेली. गाढवांनो." त्यांच्या मते चूक तेवढीच होती. भाऊबीजेला पहिला लवंगी फटाका त्या रणगाड्याच्या पोटात लागला. किल्ला करण्याइतकीच तो उडवण्याची हौस असायची, आणि उडवताना एखाद्याचा हात धुंडाळावा लागायचा म्हणजे मावळ्याचा, मातीचा.

मी मॉडेलवर भगदाड पाडत नाही. तशी पद्धत आहे. सुई तापवून चिलखतातून आरपार घालायची, कडा बाहेर वळवायच्या, भोवती काजळी. उत्तम करणारे आहेत. माझ्याच्यानं होत नाही, निदान या रणगाड्यावर नाही. तो 'फामागुस्टा' व्हायचा आहे. सायप्रसमधल्या एका बंदराचं नाव, पूना हॉर्स रेजिमेंटच्या सेंच्युरियनवर लिहिलेलं. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल त्यात होते. जन्म पुण्याचा, वय २१. रणगाड्यानं पेट घेतला, बाहेर पडायचा हुकूम आला. ते पडले नाहीत. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. अस्सल फामागुस्टा नगरलाच आर्मर्ड कोअरच्या केंद्रात जपून ठेवलेला आहे.

एक मित्र म्हणतो, तोफ चालते आणि भोक चालत नाही, हे ढोंग झालं. असेल. तोफेचं तोंड खऱ्यात ८४ मिलिमीटर, माझ्याकडे जेमतेम अडीच, मोहरीचा एक दाणा आत जाईल. खरा रणगाडा पन्नास टनांच्या वर. लांबी, रुंदी, उंची तिन्ही पस्तीस पटींनी घटवल्या तर वजन बेचाळीस हजार पटींनी घटतं, म्हणजे किलो-सव्वा किलो. मित्राला हा हिशेब ऐकवला, की तो चहा मागतो.

सध्या अडलंय ते मातीशी. बसंतर शकरगडच्या बाजूला, तिथली माती पंजाबची, फिकी, भुरकट. आमच्या कुंडीतली काळी लावली तर रणगाडा नगरच्या वावरातून आल्यासारखा दिसेल. शिवाय कण बारीक हवा. मिठाचा साधा दाणा या मापात सेंटिमीटरभर खडा होतो. म्हणून माती आधी चाळणीतून, मग मलमलीतून, मग पुन्हा मलमलीतून. आजीच्या औषधात असायचं तसं वस्त्रगाळ चूर्ण झालं तरच ते धूळ म्हणून बसतं.

भाचीचा नवरा पठाणकोटला आहे. तिला म्हटलं, शेतातली मूठभर पाठव. कुरिअरच्या खिडकीतून तिचा फोन.

"मामा, हे विचारतायत आत काय आहे. माती म्हटलं तर घेत नाहीत. काय लिहू?"

"लिही काहीही."

तिनं 'मुलतानी माती' लिहिलं.