दोनदा नावे पडलेले पैसे

पासबुक भरून आणणं हे आमच्या घरी महिन्याच्या पहिल्या आठवड्यातलं ठरलेलं काम होतं. बाबा प्राथमिक शिक्षक, पगार तालुक्याच्या बँकेत जमा व्हायचा. काउंटरवरचे कारकून भली मोठी खतावणी उघडून नोंदी निळ्या शाईनं पासबुकात उतरवायचे, शिल्लक लिहून आद्याक्षरं करायचे. घरी आल्यावर बाबा चेकबुकाच्या स्थळप्रती पुढ्यात घेत आणि एकेका नोंदीवर पेन्सिलीनं बरोबरची खूण करत.

ऐंशीच्या दशकात अशाच खुणा करताना त्यांच्या लक्षात आलं, की किराणा दुकानदाराला दिलेला साडेतीनशेचा चेक खात्यात दोनदा नावे पडलाय. त्या काळी साडेतीनशे म्हणजे महिन्याचा किराणा. दुसऱ्या दिवशी मला घेऊन ते बँकेत गेले. पासबुक पाहताच कारकुनांचा चेहरा उजळला. त्या खतावणीचा ताळा काही केल्या जमत नव्हता आणि फरक नेमका साडेतीनशेचाच होता. मागच्या खोलीतून त्या दिवसाच्या व्हाउचरांचा सुतळीनं बांधलेला गठ्ठा आला. त्यात चेक एकच निघाला. अधिकाऱ्यांनी लाल शाईनं उलट नोंद घातली, सही केली, पासबुकातही तसंच लिहून दिलं. "गुरुजी, आमचं काम हलकं केलंत," असं म्हणत त्यांनी चहा मागवला.

आता शाई नाही, खतावणी नाही. २०१६ साली यूपीआय आलं आणि खिशातला फोन हीच बँक झाली. गेल्या पावसाळ्यात औषधांच्या दुकानात पैसे पाठवले, तर पडद्यावर चक्र नुसतं फिरत राहिलं. दुकानातला साउंडबॉक्स गप्प. "काका, आले नाहीत हो. परत करता का?" पाठीमागं रांग होती. पुन्हा स्कॅन केलं, साउंडबॉक्स बोलला. पायरी उतरेपर्यंत बँकेचे दोन संदेश आले होते. १,२४० रुपये दोनदा नावे.

शाखेत गेलो. काउंटरवरच्या मुलीनं अदबीनं सांगितलं, "सर, तक्रार ॲपवरच टाकावी लागते." तिच्या हाती उघडायला गठ्ठाच नव्हता.

अशा वेळी आधी एकच गोष्ट शोधायची असते: पहिले पैसे दुकानदाराला पोचले की वाटेत अडकले? त्यासाठी व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक त्याच्या खात्याशी ताडून पाहायचा. दोन्ही रकमा त्याला मिळाल्या असतील, तर बँकेच्या लेखी दोन्ही व्यवहार पुरे झालेले असतात. जादा पैसे दुकानदारानंच परत करायचे. पण पोचलेच नसतील, तर रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा आदेश आपल्या बाजूनं आहे. दुकानातला यूपीआय व्यवहार असा अडकला, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत. त्यापुढं उशीर झाला, तर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही न मागता. बँकेनं तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं विनाशुल्क दाद मागता येते. माझे पैसे मुदतीत परत आले.

म्हणून जुनं ते सगळं चांगलं, असं मला म्हणवत नाही. बाबांना चहा मिळाला, कारण ते गुरुजी होते. त्याच बँकेत अंगठा उठवणाऱ्या बायाबापड्या दारालगतच्या बाकावर तासन्‌तास बसलेल्या मी पाहिल्यात. त्यांच्या पासबुकातली चूक शोधणार कोण? शोधली तरी ऐकणार कोण? उशिराची भरपाई तर कुणाच्या स्वप्नातही नव्हती. आजचा नियम गुरुजींना आणि शेतमजूर बाईला एकच आहे. हे मोठं काम झालंय, आणि मला त्याचा मनापासून अभिमान वाटतो.

पण तो नियम तिच्यापर्यंत पोचवायला माणूस लागतो. ॲपमधली 'तक्रार' नावाची कळ नातवाशिवाय सापडत नाही आणि नातू पुण्याला नोकरीला असतो. चूक घेऊन आलेल्या माणसाशेजारी बसून 'चला, बघू कुठं अडलंय' म्हणणारं कुणीतरी प्रत्येक शाखेत हवं. ज्यांनी काउंटरवरची गर्दी फोनवर हलवली, त्या बँकांचं ते देणंच आहे.

आपल्या हातीही थोडं आहे. महिन्यातून एकदा खात्याचा उतारा काढून प्रत्येक नोंद ओळखीची आहे का, ते बघावं. यूटीआर क्रमांकाचा संदेश पैसे परत येईपर्यंत पुसू नये. आणि शेजारच्या आजी फोन घेऊन दारात आल्या, तर त्यांची तक्रार नोंदवून द्यावी, तिचा क्रमांक त्यांच्या वहीत ठळक अक्षरात लिहून द्यावा आणि पाच दिवसांनी आपणहून विचारावं, "आजी, पैसे आले का?"