पानी तं गोड हाये!

"काहून तपासतं वो बाई? आज्यानं खंदलेली हीर हाये. पानी कसं नारळावानी गोड."

पाणी तपासायच्या किटची पेटी घेऊन खासगी विहिरीवाल्याच्या दारात गेलं की हे ऐकून घ्यावंच लागतं. आमच्या यवतमाळकडं सार्वजनिक विहीर, हातपंप, नळयोजना यांचे नमुने ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक घेतो, ते प्रयोगशाळेत जातात, आणि स्रोतांच्या स्वच्छतेची पाहणी करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं नाहीतर हिरवं कार्ड मिळतं. घरच्या विहिरीची फिकीर मात्र ज्याची त्यानंच करायची. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या आम्हा पाच बायांना किट वापरायला शिकवलं, तेव्हापासून मी या घरच्या विहिरींच्याही मागे लागले आहे.

लोकांना कळत नाही असं मुळीच नाही. त्यांना धास्ती असते नावाची. अमक्याच्या विहिरीचं पाणी खराब निघालं, असं एकदा पसरलं की पाव्हणा पेला हातात घेऊन विचारात पडतो. घरात लग्नाची पोरगी असली तर बोलायलाच नको. म्हणून मी निकाल चारचौघांत सांगत नाही, आणि तपासणी होता होईतो त्यांच्याच हातानं करून घेते.

एका काकूंची विहीर गोठ्याला लागून, उकिरडा हाकेच्याही अलीकडं. जंतूंच्या तपासणीची छोटी बाटली त्यांनीच खुणेपर्यंत भरली. थंडीचे दिवस, म्हणून चुलीजवळच्या फळीवर ठेवायला सांगितली. दुसऱ्या दिवशी सांजच्याला नातू पळत आला, बाटली काळी पडली म्हणून. काकूंचा संशय बाटलीवरच! मग टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकलेल्या नळाच्या पाण्याची दुसरी बाटली तिथंच ठेवली. ती काही काळी झाली नाही. काकाजी कुरकुरले, पण उकिरडा हलला. विहिरीत टीसीएल पडलं, काठाला सिमेंटचा ओटा झाला.

बोअरवाल्यांचं दुखणं निराळं. फ्लोराइड खडकातूनच पाण्यात उतरतं, चवीला लागत नाही, उकळून जात नाही. उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. लिटरला 1.5 मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते पाणी पिण्याचं नाही. आमच्या किटमध्ये गुलाबी रंग पिवळ्याकडं सरकायला लागला की माझी नजर डाग शोधत आधी अंगणातल्या पोरांच्या दातांकडं जाते. किटचा हा अंदाजच, पक्का आकडा प्रयोगशाळेतूनच येतो. फ्लोराइडवर टीसीएलचा उपयोग नाही. ते पाणी धुण्याभांड्याला ठेवायचं आणि पिण्यासाठी दुसरी सोय बघायची, हे सांगताना मात्र जीव जड होतो. उन्हाळ्यात दुसरी सोय म्हणजे बाईच्याच डोक्यावर हंडा.

हल्ली पावसाळ्याच्या तोंडी काहीजण आपणहून पाणी घेऊन येतात, तेही कोल्ड्रिंकच्या बाटलीत. जंतूंच्या तपासणीला ते चालत नाही, निर्जंतुक बाटलीच लागते, म्हणून परत पाठवते. परवा एक वहिनी अशाच रुसल्या. म्हणाल्या, "मंग तूच ये वो घरी. पन अंधार पडल्यावर ये, शेजारीन पायते."