बर्मिंगहॅमला लाइन क्लिअर

बर्मिंगहॅम इंटरनॅशनल स्टेशनात उतरलं की रस्त्यावर यावंच लागत नाही. पुलावरून सरळ चालत गेलं की नॅशनल एक्झिबिशन सेंटर. नोव्हेंबर 2023 मध्ये तिथे वॉर्ली मॉडेल रेल्वे क्लबचं राष्ट्रीय प्रदर्शन भरलं होतं. माझी मुलगी जवळच कॉव्हेंट्रीला राहते. तिने तिकिटं आधीच काढून ठेवली होती. मी मध्य रेल्वेत स्टेशन मास्तर होतो, आणि दौंड–मनमाड सेक्शन एकेरी असतानाची बरीच वर्षं मी तिथल्या छोट्या स्टेशनांवर काढली. त्यामुळे "बाबा, येणार ना?" हे तिने नुसतं विचारायचं म्हणून विचारलं.

आत शिरल्यावर पहिला अर्धा तास काय बघावं तेच कळेना. दोन-तीन मीटरपासून अख्ख्या मंगल कार्यालयाच्या लांबीपर्यंतची लेआउट्स. प्रत्येक लेआउट लाकडी पाट्यांचे तुकडे जोडून केलेलं. क्लबचे लोक ते व्हॅनमधून आणतात, बोल्टने आवळतात, तारांचे प्लग जोडतात आणि दोन दिवसांनी पुन्हा सगळं सोडवून घरी नेतात. फलाटावरच्या बाकांना रंग उडाल्यासारखा रंग दिलेला, रुळांमधली खडी इंजिन थांबतं तिथे तेलाने काळी पडलेली. ही शेवटची गोष्ट पाहून मी जागीच थांबलो. करणाऱ्याने खऱ्या स्टेशनात उभं राहून खाली पाहिल्याशिवाय ती सुचत नाही.

मधल्या रांगांत व्यापाऱ्यांचे स्टॉल होते. हॉर्नबी, बाखमन, रूळ बनवणारी पेको ही मोठी नावं, आणि त्यांच्या आजूबाजूला एकट्यादुकट्याने चालवलेली छोटी दुकानं: कुणाकडे फक्त चाकं, कुणाकडे फक्त झाडं, कुणाकडे पितळी पत्र्यातून कोरलेले सिग्नलचे भाग. असाच एक सिग्नल चालू स्थितीत मांडला होता. लिव्हर परत टाकला की त्याचा हात वर येऊन एकदम थांबत नव्हता. किंचित हलून, एक हिसका खाऊन स्थिर होत होता. खरा सिग्नल असाच वागतो. खाली बसवलेल्या चिमुकल्या मोटरला ते हलणं मुद्दाम शिकवलेलं असतं.

तिथल्या गाड्यांचं माप मला आधी पटेना. ब्रिटनमध्ये फुटाला चार मिलिमीटर हे प्रमाण चालतं, म्हणजे मूळ वस्तूच्या शहात्तराव्या भागाएवढं मॉडेल. रूळ मात्र साडेसोळा मिलिमीटरचे, ते सत्त्याऐंशीव्या भागाच्या युरोपीय मापाचे. ब्रिटिश इंजिनं अंगाने लहान, पूर्वीच्या मोटरी त्यांच्यात मावत नसत. म्हणून इंजिन थोडं मोठं केलं आणि रूळ होते तेच ठेवले. गाडी समोरून पाहिली की चाकं पोटाखाली ओढून घेतल्यासारखी दिसतात. आपला ब्रॉडगेज साडेपाच फुटांचा, म्हणजे या हिशेबाने रुळांत बरोबर 22 मिलिमीटर अंतर हवं. ते तयार रूळ मला कोणत्याच स्टॉलवर दिसले नाहीत.

बहुतेक लेआउट्सवर गाड्या गोल गोल फिरत होत्या. एक गेली की दुसरी. प्रेक्षकांना, विशेषतः मुलांना, सतत काहीतरी धावताना दिसायला हवं हे मला मान्य आहे. पण रेल्वेत गाडी धावते त्याहून कितीतरी जास्त वेळ कुणीतरी कुणाला तरी विचारत असतं आणि उत्तराची वाट बघत असतं. ते दाखवणारं मला बराच वेळ काहीच सापडेना.

मग बेलचा ठोका ऐकू आला. एकच ठोका, तसाच परत आलेला एक ठोका, आणि मागोमाग चार.

कोपऱ्यातलं ते लेआउट फारसं मोठं नव्हतं. पन्नासच्या दशकातलं खेड्यातलं स्टेशन, दुहेरी मार्ग, आणि ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या पद्धतीचे खाली पडणारे सिग्नल, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या सिग्नलांसारखेच. एका टोकाला सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ बसले होते. समोर लिव्हरची रांग, वर फळीवर ब्लॉक इन्स्ट्रुमेंट आणि पितळी बेल. त्यांचा जोडीदार रंगवलेल्या पडद्यामागे होता. जिथून गाड्या येतात आणि जिथे परत जातात ते यार्ड त्याच्या ताब्यात. दोघं एकमेकांना दिसत नव्हते. बोलणं फक्त ठोक्यांचं.

चार ठोके म्हणजे आपल्याकडे गाडी सेक्शनमधून, म्हणजे दोन स्टेशनांमधल्या मार्गावरून, बाहेर पडली. इथे मात्र गाडी अजून निघालेलीच नव्हती. ब्रिटिश पद्धतीत चार ठोक्यांनी एक्स्प्रेससाठी लाइन क्लिअर, म्हणजे गाडी पाठवायची परवानगी, मागतात. त्या गृहस्थांनी चार ठोके परत दिले आणि इन्स्ट्रुमेंटचा काटा फिरवला. थोड्या वेळाने दोन ठोके आले, म्हणजे गाडी सेक्शनमध्ये शिरली. काटा 'ट्रेन ऑन लाइन'वर गेला. हे शब्द माझ्या इन्स्ट्रुमेंटवरही होते. त्यांनी एकेक लिव्हर ओढला, सिग्नल पडले, गाडी आली आणि न थांबता गेली. ती जाताना ते वाकले आणि शेवटच्या डब्याकडे पाहिलं. डब्याच्या मागे टाचणीच्या डोक्याएवढा दिवा होता. तो दिसल्यावरच त्यांनी दोन, थोडं थांबून एक, असे ठोके दिले. शेवटचा डबा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सेक्शन मोकळा झाला असं म्हणायचं नाही. मागे डबे सुटून सेक्शनमध्येच राहिले असतील तर? दिवसा एलव्ही (लास्ट व्हेइकल) बोर्ड, रात्री लाल दिवा. यासाठी मी पावसात, वाऱ्यात बाहेर उभा राहिलो आहे.

मी कोण ते मुलीने त्यांना सांगितलं. त्यांनी लगेच शेजारचं स्टूल पुढे ओढलं आणि वही काढली. "तुमच्याकडे कसं?"

मी बोटाने फळीवर वाजवून दाखवलं. एक ठोका: फोनवर या. दोन: लाइन क्लिअर. तीन: गाडी सेक्शनमध्ये शिरली. चार: बाहेर पडली. पाच: आधीचा संकेत रद्द. ते लिहीत गेले, अधूनमधून त्यांची पद्धत सांगत गेले. लक्ष वेधणारा पहिला ठोका सोडला तर एकही आकडा जुळेना. एकाच मुळातून आलेल्या दोन रेल्वे, पण आम्ही आमचे ठोके सोपे, ओळीने वाढणारे ठेवले. त्यांच्याकडे गाडी कोणत्या प्रकारची आहे तेही ठोक्यांतच सांगतात.

"आणि धोका?" त्यांनी विचारलं.

"सहा."

"आमचेही सहाच."

आम्ही दोघंही क्षणभर काही बोललो नाही. तो संकेत ज्याने खरोखर दिला किंवा घेतला आहे त्याला त्यावर जास्त बोलवत नाही. मग एकेरी मार्गाचं निघालं. इन्स्ट्रुमेंटमधून निघणारा पोलादी गोळा, तो थैलीत घालून वेताच्या कड्यासकट ड्रायव्हरच्या हाती देणारा पॉइंट्समन, गोळा मिळाल्याशिवाय न हलणारी गाडी, हे ऐकताना त्यांनी पडद्यामागच्या मित्रालाही बाहेर बोलावलं. त्या दोघांच्या गाड्या तेवढा वेळ उभ्या राहिल्या.

तसं आपल्याकडेही पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे, 1998 पासून. भाऊसाहेब जोशींनी आयुष्यभराच्या हौसेतून उभं केलेलं. तिथे गेलेलं मूल रेल्वेच्या प्रेमात पडूनच बाहेर येतं. पण गोळ्याची, केबिनची, ठोक्यांची रेल्वे आता खऱ्या लाइनवरूनच झपाट्याने जाते आहे. दुहेरीकरण, रंगीत दिव्यांचे सिग्नल, कॉम्प्युटरवरची पॅनेल्स. सुरक्षिततेसाठी ते हवंच. पण ती कामं हाताने केलेली माणसं अजून आहेत तोवर कुणीतरी ती चालती करून ठेवली पाहिजेत. इन्स्ट्रुमेंट संग्रहालयात काचेमागे ठेवून भागत नाही. ठोका देणारा एक आणि उत्तर देणारा दुसरा लागतो.

पुढच्या नोव्हेंबरात मी परत आलो असतो. पण ते प्रदर्शन शेवटचं ठरलं. वॉर्ली क्लबने त्यानंतर ते थांबवलं.

निघण्याआधी त्या गृहस्थांनी मला एका स्टॉलवर नेलं. तिथे नुसते रूळ मिळतात, हातभर लांबीच्या पट्ट्या, आणि तांब्याचा पातळ थर असलेले स्लीपर. रूळ त्यांच्यावर सोल्डर करायचे, म्हणजे अंतर आपल्याला हवं ते ठेवता येतं. 22 मिलिमीटरसाठी मापाचा ठोकळा मात्र लेथवर करून घ्यावा लागेल आणि डब्यांना लांब आस लावावे लागतील. मी सपाट बुडाच्या रुळांचं एक पुडकं घेतलं.

परतीच्या गाडीत मुलीने आमच्या घरच्या लेआउटचा हिशेब मांडला. "बाबा, लूप किती लांब धरायची?" लूप म्हणजे स्टेशनात गाडी बाजूला घ्यायची लाइन; ती 686 मीटर धरली, शहात्तराने भागली तर नऊ मीटर. नाशिकरोडच्या आमच्या घरात एवढी लांब एकही खोली नाही. मी म्हटलं, लूप अर्धी करू, मालगाडीचे डबे कमी करू, फलाटही आखूड चालेल. बेल मात्र खऱ्या मापाचीच बसवायची, आणि दुसरी शेजारच्या खोलीत.

"तिथे कोण बसणार?"

"तुझी आई. चार ठोके शिकायला तिला संध्याकाळ पुरे."